मुंबई सिटीच्या मॅचला पहिल्यांदा जाताय? आधी हे वाचून घ्या

दर सीझनला कोणाचा तरी मेसेज येतोच, की अरे तू ते अंधेरीला फुटबॉल बघायला जातोस ना, आम्हालाही यायचंय, जायचं कसं, बसायचं कुठे, आणि ती केरळवाल्यांशी तुमची एवढी खुन्नस कसली. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतो. ज्यांना रात्री जागून युरोपातल्या मॅचेस बघायची सवय आहे पण मुंबई सिटीचे चार प्लेयर सांग म्हटलं की अडखळायला होतं, त्यांच्यासाठी हे आहे. आमच्या स्टँडमधले कितीतरी जण तसेच आलेले आहेत, मीसुद्धा, त्यामुळे संकोच करू नका.

आधी टीमची गोष्ट माहीत करून घ्या

जर्सी घ्यायच्या आधी अर्धा तास यावर घालवा, कारण स्टँडमध्ये लोक जुन्या मॅचेसचं नाव काढतात आणि तुम्हाला संदर्भ नसेल तर निम्मी मजा जाते.

क्लब सुरू झाला २०१४ ला, इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएलच्या पहिल्या सीझनबरोबर. पहिली मॅच कोलकात्यात होती आणि ०-३ हरलो. पण त्याच महिन्यात नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर पुण्याला ५-० हाणलं आणि आंद्रे मोरित्झने हॅटट्रिक केली, ती आख्ख्या लीगमधली पहिली हॅटट्रिक. तेव्हा टीममध्ये निकोला अनेल्का, फ्रेडी युंगबर्ग अशी मोठी नावं, नंतर २०१६ ला दिएगो फोर्लान आला आणि आपण पहिल्यांदा टेबलच्या टॉपला गेलो, पण सेमीफायनलला कोलकात्याने बाहेर काढलं. त्याच वर्षी घर बदललं, नेरूळहून अंधेरी. २०१९ ला मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबमध्ये मोठा हिस्सा घेतला आणि तिथून गाडी बदलली.

एक गोष्ट नव्या माणसाला हमखास गोंधळात टाकते ती म्हणजे शील्ड आणि कप. २०२४-२५ पर्यंत लीगच्या सगळ्या मॅचेस संपल्यावर जो पहिला त्याला लीग शील्ड मिळायची, आणि मग वरच्या टीम्सचे प्लेऑफ होऊन फायनल जो जिंकेल त्याला कप. म्हणजे एका सीझनला दोन वेगळे विजेते असू शकायचे. आपण २०२०-२१ ला दोन्ही जिंकलो, एकाच सीझनमध्ये दोन्ही जिंकणारी पहिली टीम आपली, मग २०२२-२३ ला शील्ड आणि २०२३-२४ ला कप. एवढं डोक्यात ठेवलं तरी सुरुवातीला पुरे.

आणि एक तारीख, ११ एप्रिल २०२२. रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं, एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत, मॅच जिंकणारा पहिला भारतीय क्लब आपला. दुसरा गोल राहुल भेकेचा, आपल्या मुंबईचा पोरगा. त्या रात्री मी बिल्डिंगच्या जिन्यात फोनवर मॅच बघत होतो कारण घरात सगळे झोपलेले, आणि गोल झाल्यावर तोंडावर हात दाबून ओरडलो ते अजून आठवतं.

स्टेडियमला पोचायचं कसं

मैदान म्हणजे मुंबई फुटबॉल अरेना, पण रिक्षावाल्याला असं सांगितलं तर तो तुमच्याकडे बघत राहील, त्याला सांगायचं अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स, वीरा देसाई रोड. संकुलाचं नाव शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल. वेस्टर्न किंवा हार्बरने येणार असाल तर अंधेरीला उतरून मेट्रो वनने आझाद नगर, तिथून चालत. सेंट्रलवाले घाटकोपरला मेट्रो पकडा, तीच आझाद नगरला येते. दहिसर, कांदिवली साइडवाल्यांना मेट्रोची दुसरी लाइन आहे, ती अंधेरी वेस्टला सोडते. गाडी आणू नका. मॅचच्या दिवशी संध्याकाळी वीरा देसाई रोडला जे होतं ते मी किती वर्षं बघतोय, लोकांना किकऑफच्या वेळी सिग्नलला अडकून रेडिओ ऐकत बसलेलं बघितलंय.

किकऑफच्या निदान तासभर आधी पोचा. गेटवर चेकिंगला वेळ लागतो, पाण्याच्या बाटल्या, पॉवर बँक असल्या वस्तू साधारणपणे आत नेऊ देत नाहीत, काय चालतं काय नाही ते तिकिटाबरोबर लिहिलेलं असतं ते वाचा. ऑफिसची मोठी बॅग टाळता आली तर बरं. खाणं बाहेरच उरका, वडापाव, सँडविच काहीही, भरल्या पोटी या कारण नव्वद मिनिटं ओरडायचंय. तारखा आणि वेळा मात्र क्लबच्या अधिकृत पेजवरच बघा, फॉरवर्ड आलेल्या फोटोवर विसंबू नका, गेल्या काही वर्षांत शेड्यूल बदलायचे प्रकार बरेच झालेत.

बसायचं कुठे

मैदान छोटं आहे, आठ हजारांच्या आत माणसं मावतात, आणि स्टँड मैदानाच्या अगदी जवळ. कोचचं ओरडणं ऐकू येतं, टॅकल झाला की त्याचा आवाज येतो. पन्नास हजारांच्या स्टेडियममध्ये हे मिळत नाही.

सपोर्टर्सचा मुख्य ग्रुप म्हणजे वेस्ट कोस्ट ब्रिगेड. ड्रम, बॅनर, झेंडे, उभं राहून गाणं, सगळं तिथेच. तिकीट काढताना त्यांचा स्टँड कुठला ते विचारून घ्या आणि हिंमत करून तिथेच जा. पहिल्यांदा जाणारे लोक बहुतेक साइडला बसून दुरून बघतात आणि मग म्हणतात वातावरण एवढं काही नव्हतं. अहो वातावरण तिकडे होतं, तुम्ही इकडे होतात.

त्या स्टँडमध्ये मॅचभर बसायला मिळणार नाही हे आधीच मनाशी धरा. पुढे एकजण मैदानाकडे पाठ करून उभा असतो, त्याला कॅपो म्हणतात, तो गाणं सुरू करतो आणि बाकीच्यांनी उचलायचं. त्या माणसाला मॅच धड बघायलाही मिळत नाही, आपल्यासाठी तो नव्वद मिनिटं उलटा उभा राहतो, तेव्हा तो हात वर करेल तेव्हा तुम्हीही करा. शब्द येत नसतील तर टाळ्या धरा, दोन मॅचनंतर आपोआप येतात. मराठी, हिंदी, इंग्लिश सगळं मिसळून चालतं, "आमची सिटी" हे तर तुम्ही आल्या आल्या शिकाल. मोठा कापडी बॅनर डोक्यावरून सरकत आला तर त्याला टिफो म्हणतात, त्याच्याखाली असताना तुम्हाला काही दिसत नाही पण समोरच्या स्टँडला दिसतं, म्हणून ओढाताण न करता दोन्ही हातांनी पुढे सरकवायचा. त्यामागे कोणाच्या तरी दहा-बारा रात्री गेलेल्या असतात.

लहान मुलं किंवा आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर पहिल्यांदा साइडचं तिकीट घ्या, मुलांना ड्रमचा आवाज खूप होतो. मुली बिनधास्त या, एकट्या येणाऱ्याही बऱ्याच आहेत, ग्रुपला आधी मेसेज टाकला की कोणीतरी गेटवर भेटतं.

आता खुन्नस, हा खरा विषय

बाकीच्या शहरांमध्ये समोरची टीम बाहेरून येते, मॅच झाली की परत जाते. मुंबईत तसं नाही. मुंबईतला विरोधक मुंबईतच राहतो. तो तुमच्या मजल्यावर असतो, तुमच्या शेजारच्या टेबलावर काम करतो, तुमच्याच लोकलने घरी जातो. केरळ, बंगाल, गोवा, सगळीकडची माणसं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतायत आणि त्यांची टीम अंधेरीला आली की ते त्यांच्या टीमची जर्सी घालून येतात. एकदा हे कळलं की मुंबई सिटीचा सपोर्टर व्हायला जरा जास्त जोर का लागतो ते कळतं, काही मॅचेसना आपल्याच घरात आपला आवाज कमी पडू नये म्हणून झटावं लागतं.

केरळा ब्लास्टर्स. यांच्या सपोर्टर्सच्या ग्रुपचं नाव मंजप्पडा, म्हणजे पिवळी फौज, आणि नावाप्रमाणेच येतात. अंधेरीत आख्खा एक भाग पिवळा झालेला मी बघितलाय. नव्या सपोर्टरला हे बघून राग येतो, मलाही यायचा. आमच्या सोसायटीत एक मल्याळी काका आहेत, तीस-पस्तीस वर्षं मुंबईत, गणपतीच्या वर्गणीला सगळ्यात आधी तेच येतात, पण ब्लास्टर्सची मॅच असली की पिवळा शर्ट. मी एकदा विचारलं काका तुम्ही तर मुंबईचेच ना आता, तर म्हणाले अरे लहानपणी तिकडच्या टीमसाठी ओरडायला शिकलो नसतो तर तुमच्या टीमसाठी काय ओरडणार होतो, ब्लास्टर्स नवीन असेल पण ओरडणं जुनं आहे. मला ते पटलं. तरी १६ डिसेंबर २०१८ ची मॅच मी त्यांना दर वर्षी आठवण करून देतो, अंधेरीत ६-१, एकट्या मोदू सुगूचे चार गोल. पिवळ्यांपुढे आपला आवाज चढायला हवा, म्हणून या मॅचचं तिकीट लवकर काढा, ही सगळ्यात आधी भरते.

एफसी गोवा. ही माझ्या मते आपली सगळ्यात खोल खुन्नस आणि नव्या लोकांना हीच कमी माहीत असते. मुंबई आणि गोव्याचं फुटबॉलचं नातं आयएसएलच्या कितीतरी आधीचं, धोबीतलावला गोव्यातल्या गावांची कूड अजून आहेत, कामाधंद्याला आलेल्या माणसांनी उतरायच्या जागा, आणि त्या माणसांनी इथल्या मैदानांवर पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल खेळलाय. मैदानावर मात्र गोव्याने आपल्याला खूप दुखवलंय. २०१५ ला त्यांच्या मैदानावर, फातोर्ड्याला, ०-७. परत वाचा, शून्य-सात. २०१९ च्या सेमीफायनलला तर आपल्या घरात येऊन ५-१ मारून गेले, मी त्या दिवशी शेवटपर्यंत थांबलो, निघून जाणं बरोबर वाटलं नाही.

मग २०२० ला सर्जिओ लोबेरा, जो गोव्याचा कोच होता, तो मुंबईला आला आणि त्याच्या मागोमाग मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बूमू, मंदार राव देसाई असे गोव्याचे आधारस्तंभच इकडे आले. गोव्याच्या लोकांच्या जागी स्वतःला ठेवून बघा, किती लागलं असेल. त्याच सीझनला सेमीफायनलला पुन्हा तेच समोर, दोन्ही मॅच बरोबरीत, आणि पेनल्टीवर आपण ६-५ जिंकलो. २०२२-२३ ला शील्ड पक्की केली तीही फातोर्ड्यातच, ५-३. पण या सगळ्यावर एक रात्र आहे, २४ एप्रिल २०२४, सेमीफायनलची पहिली मॅच, फातोर्डा. नव्वदाव्या मिनिटापर्यंत ०-२ मागे. लोकांनी टीव्ही बंद केले होते, खोटं सांगत नाही, ग्रुपवर "चला पुढच्या वर्षी" सुरू झालं होतं. मग छांगते, लगेच विक्रम प्रताप सिंग, आणि शेवटी परत छांगते, काही मिनिटांत तीन गोल, ३-२. कोणी तुम्हाला विचारलं की मुंबई सिटीला सपोर्ट का करतोस तर हे सांगा. अंधेरीची दुसरी मॅच २-० जिंकून फायनलला गेलो.

मोहन बागान. इथे आदर आधी, खुन्नस नंतर. १८८९ चा क्लब आहे, १९११ ला एक सोडून सगळे बूट न घालता खेळून ब्रिटिश पलटणीच्या टीमला हरवलेला, आणि मुंबईशी त्यांचा संबंध रोव्हर्स कपपासूनचा, जो १८९१ पासून आपल्या मुंबईत व्हायचा आणि ज्यासाठी कोलकात्याच्या टीम्स कूपरेजला यायच्या. जुनी माणसं अजून कूपरेजच्या त्या संध्याकाळींबद्दल बोलतात, कोणी भेटलं तर बसून ऐका.

आत्ताची खुन्नस मात्र ट्रॉफ्यांवरून आहे. २०२१ ला शेवटच्या लीग मॅचला त्यांना २-० हरवून शील्ड घेतली, पॉइंट सारखेच होते, आपसातल्या मॅचेसवर आपण पुढे. मग पंधरा दिवसांत फायनल, आणि नव्वदाव्या मिनिटाला बिपीन सिंगचा गोल, २-१. कोविडमुळे सगळा सीझन गोव्यात रिकाम्या स्टेडियममध्ये झाला, आपली पहिली ट्रॉफी आली तेव्हा स्टँडमध्ये आपल्यातला कोणी नव्हता, हे मला अजून टोचतं. डिसेंबर २०२३ ला अंधेरीत २-१ जिंकलो त्या मॅचला दोन्हीकडचे मिळून सात रेड कार्ड. एप्रिल २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर त्यांनी २-१ जिंकून आपल्या हातातली शील्ड नेली, आणि तीन आठवड्यांनी ४ मे ला त्याच मैदानावर, साठ हजारांवर हिरव्या-मरून माणसांपुढे, एक गोल मागे पडून आपण ३-१ ने कप आणला. पेरेरा डियाझ, परत बिपीन, आणि इंज्युरी टाइमच्या शेवटाला व्होयतुश. कोपऱ्यात आपले मूठभर लोक होते, टीव्हीवर ते निळे ठिपके दिसत होते.

बेंगळुरू एफसी हा वेगळा त्रास. २०२२ ला ड्युरंड कपची फायनल १-२ हरलो. पुढे आयएसएलच्या सेमीफायनलला अंधेरीत येऊन सुनील छेत्रीने गोल मारला, तोच छेत्री जो २०१५-१६ ला आपला होता, आणि बेंगळुरूत आपण २-१ जिंकूनसुद्धा पेनल्टीवर ८-९. छेत्रीला शिव्या देऊ नका पण. २०१८ ला इंडियाच्या मॅचेस याच अंधेरीत होत्या, पहिल्या मॅचला जेमतेम अडीच हजार माणसं, मग त्याने हात जोडून व्हिडिओ टाकला की या, आम्हाला शिव्या द्या पण या, आणि पुढची केनियाची मॅच, जी त्याची शंभरावी होती, ती हाउसफुल. त्या गर्दीतले काही जण नंतर इथलेच झाले.

पुण्याशी पण होती, महाराष्ट्र डर्बी म्हणायचे, २०१९ ला एफसी पुणे सिटी बंद पडली आणि ती संपली. एक्स्प्रेसवेवरून दोन-तीन तासांत पोचता यायचं अशी ती एकच अवे मॅच, म्हणजे दुसऱ्याच्या मैदानावरची मॅच, होती.

ओरडताना काय सांभाळायचं

हे मी जरा कळकळीने सांगतो. समोरच्या टीमच्या खेळावर, हरण्यावर, रिकाम्या कपाटावर वाट्टेल ते गा. पण माणसाच्या प्रांतावर, भाषेवर, रंगावर, नॉर्थईस्टच्या प्लेयरच्या चेहऱ्यावर एक शब्द नको. आपले कितीतरी हिरो मिझोरम-मणिपूरचे, छांगते मिझोरमचा, बिपीन मणिपूरचा, ज्याने दोन फायनल जिंकून दिल्या. आणि समोर पिवळ्या शर्टात बसलेला माणूस उद्या सकाळी तुमच्याच डब्यात चौथ्या सीटवर सरकून जागा देणारा असू शकतो. कोणी असलं काही ओरडलं तर जुन्या लोकांना सांगा, ते बघतात. मैदानात काही फेकू नका, फटाके, धूर, लेझर काही नाही, दंड क्लबला बसतो.

अवे मॅचला जायचं असेल तर

गोव्यापासून सुरुवात करा. रात्रीची कोकणकन्या पकडली की सकाळी मडगाव, आणि फातोर्डा मडगावातच. परतीचं तिकीट आधी काढा, सीझनला वेटिंग सरत नाही. ग्रुपबरोबरच जा, अवे स्टँडची तिकिटं बहुतेक त्यांच्याकडून मिळतात, आणि मॅच संपल्यावर पोलीस सोडतील तेव्हाच बाहेर पडा, घाई करू नका. गोव्यातले लोक जेवायला घालतात, मॅचच्या आधी हां, नंतर रिझल्टवर आहे.

आणि फक्त मोठ्या मॅचेसना येऊ नका. सोमवारी संध्याकाळी टेबलच्या खालच्या टीमबरोबर, पाऊस नुकताच गेलेला, निम्मा स्टँड रिकामा, त्या मॅचला एका माणसाने किती फरक पडतो ते तुम्हाला स्वतःलाच ऐकू येईल. या शहराने आधी क्लब गमावलेत, महिंद्रा युनायटेडने २००६ ला नॅशनल लीग जिंकली होती आणि २०१० ला ती बंद झाली, मुंबई एफसी २०१७ ला गेली, आणि त्यांच्यासाठी कूपरेजला ओरडणारी माणसं एका दिवसात बिनटीमची झाली. त्यातले काही आता आमच्या शेजारी उभे असतात. त्यांना विचारा मॅच का चुकवत नाही.

मॅच संपली की लगेच पळू नका, प्लेयर स्टँडसमोर येतात, टाळ्या वाजवतात, तेवढी पाच मिनिटं थांबा, हरलो असलो तर नक्कीच थांबा. मग आझाद नगरला चालत, मेट्रोत चढल्यावर आपले निळे आणि त्यांचे पिवळे एकाच डब्यात कोंबलेले असतात, कोणीतरी दांड्यावर ताल धरतं आणि अंधेरी येईपर्यंत दोन्हीकडून चालू राहतं, तेव्हा घसा पुरा घालवू नका, थोडा आवाज डब्यासाठी शिल्लक ठेवा.